चारशे चुण्या

“मिटा,” डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लांब्रोसची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकलेली होती, कपाळ वरच्या कडीला चिकटलेलं, आणि समोर एक बारीक निळा उजेड. “पापणी मिटा, काका. मिटा ना. एवढं काय अवघड आहे त्यात?” अवघड काहीच नव्हतं, तरी पापणी मिटली नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चरचरत होतं, पाणी यायचं नाव नव्हतं, आणि तो आपला त्या उजेडाकडे टक लावून बसलेला. बाईंनी यंत्राआडून डोकं बाहेर काढलं. तिशीतली पोर, केस वर बांधलेले, कानाला पेन अडकवलेलं. “तुम्ही पापण्या फार कमी मिटता,” ती म्हणाली. “माणूस नकळत मिटत असतो, तुम्ही मिटतच नाही. म्हणून डोळे कोरडे पडलेत. काम काय करायचात?” पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होतो, तो म्हणाला. “त्याच्या आधी?” त्याच्या आधीचं त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. “सैन्यात. राजवाड्यापुढचा पहारा.” “म्हणजे ते घागरेवाले?” ती मनापासून हसली. “माझ्या आईचा फोटो आहे हो त्यांच्याशेजारी! ती त्याला गुदगुल्या करायला निघाली होती, तरी पठ्ठ्या हलला नाही.” तिने थेंबांच्या बाटलीचं नाव लिहून दिलं आणि दर तासाला मुद्दाम दहा वेळा पापण्या मिटायला सांगितलं. लांब्रोसने कागद घडी करून खिशात घातला, आभार मानले, आणि बाहेर येऊन तो बाकावर बसला तो बसलाच. कारण आत जो आवाज त्याला ‘मिट’ म्हणाला तो त्या पोरीचा नव्हता. सदतीस वर्षांपूर्वी ह्याच अथेन्स शहरात, भर सकाळी, ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात त्याची आई त्याच्यासमोर उभी राहून हाच शब्द म्हणाली होती.

खाली रस्त्यावर ट्रॉलीबस आली, गेली. दुसरी आली. तो चढला नाही, चालत निघाला. पायांना आपोआप एक ठेका सापडला आणि त्याला स्वतःचीच चीड आली. एकोणसाठ वर्षांच्या माणसाने पदपथावर पाय आपटत कशाला चालावं? पण पहाऱ्याचे ते बूट एकदा ज्याच्या पायांत गेले त्याच्या पायांतून निघत नाहीत. लाल कातड्याचे, नाकाशी काळा गोंडा, तळव्याला साठ खिळे. दोन्ही मिळून साडेतीन किलो वजन. पहिल्या दिवशी कोठीवरच्या हवालदाराने ते त्याच्यापुढे आपटले होते. मग दोन जोड पांढऱ्या लोकरी मोज्यांचे, गुडघ्याखाली बांधायचे गोंडे, भरतकामाची बंडी, लाल टोपी आणि तिचा कमरेपर्यंत लोंबणारा काळा रेशमी झुबका. सर्वांत शेवटी तो घागरा. तीस मीटर पांढरं कापड आणि त्याच्या चारशे चुण्या, तुर्कांच्या गुलामीतल्या वर्षाला एक याप्रमाणे. डोंगरातून आलेला एकवीस वर्षांचा लांब्रोस आरशापुढे उभा राहिला तेव्हा त्याला आधी हसू आलं, मग रडू, आणि मग कधी वाटलं नव्हतं ते वाटलं. आपण देखणे आहोत. सहा फूट दोन इंच उंचीचा गावात उपयोग एकच, दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेणे. इथे त्या उंचीपायी लोक थांबून बघत होते. चुणी अन् चुणी ओली करून, पट्टीने बसवून, दाबून वाळवायची. एका घागऱ्याला अर्धा दिवस जायचा. कमरपट्टा एकट्याने आवळता येत नाही. फोतिस म्हणून त्याचा जोडीदार होता, तो पाठीत गुडघा रोवून पट्टा ओढायचा आणि म्हणायचा, “श्वास सोड, नवरीबाई.” श्वास सोडला की तो तासभर परत पुरता घेता यायचा नाही. त्या कपड्यात माणूस उभा राहिला की आतल्या माणसाचं काय होतं ते सांगता येत नाही. खाज, घाम, नाकावरची माशी हे सगळं असतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी असतं. आपलं गाव, आपली आई, आपल्यावर असलेला भार, हेही दुसऱ्या कुणाचं तरी होतं, आणि ते त्याला बरं वाटलं होतं. इथपर्यंत आठवणीत यायला त्याला कधी त्रास झाला नव्हता. ह्याच्या पुढे मात्र तो दरवेळी वळण घ्यायचा. आज त्याने वळण घेतलं नाही.

आई पहाटेच्या मोटारीने आली होती. काळा रुमाल, काळा झगा, हातात गाठोडं. बाप एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या यादवीत गेला तेव्हापासून तिने दुसरा रंग अंगाला लावला नव्हता. ती आधी बराकीत गेली. तिथे कळलं, मुलगा दहा ते अकरा पहाऱ्यावर आहे. ती राजवाड्यापुढच्या चौकात आली, त्याच्यासमोरून दोनदा गेली आणि तिने त्याला ओळखलं नाही. तिसऱ्यांदा ती हातांपाशी थांबली. हातांवरून ओळखलं तिने. “लांब्रो,” ती म्हणाली, “अरे, हे काय घातलंयस?” मग तिच्या लक्षात आलं की पोरगा उत्तर देत नाही. प्रत्येक पहारेकऱ्याची देखभाल करायला साध्या खाकीतला एक जोडीदार असतो. टोपीचा झुबका सरळ करणं, घाम टिपणं, कबुतरं आणि पोरं हाकलणं हे त्याचं काम. त्या दिवशी तो जोडीदार फोतिसच होता. फोतिस पुढे झाला आणि आदराने म्हणाला, “मावशी, त्याला बोलायची बंदी आहे. हलायचीही. पण डोळे आहेत की! एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. आम्ही तसंच बोलतो. तुम्ही विचारा.”

आई अगदी जवळ आली. शेळ्यांचा, धुराचा, ताकाचा वास आला. शेजारी दोन परदेशी बायका कॅमेरे घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांतली एक त्या वासाने किंचित मागे सरली. लांब्रोसला ते सरणं दिसलं. मान न वळवता, डोळा न हलवता दिसलं. “ऐक,” आई हलक्या आवाजात म्हणाली, “मला अकराच्या मोटारीने परत गेलं पाहिजे. शेळ्या शेजारणीवर टाकून आलेय आणि ती माणसं आज संध्याकाळी उत्तराला यायचीयत. अंथीला मागणी आलीय. मेसोलोंगीच्या मिठागरावरचा मुकादम आहे, हारिलाओस नावाचा. चव्वेचाळीसचा आहे, बायको वारलीय. हुंडा नको म्हणतो. पोरगी रडत नाही, पण चार दिवस जेवली पण नाही. मास्तर म्हणतात, डोकं आहे तिला, शिक्षिका व्हायच्या शाळेत घाला, खटपट मी करतो. मी बाईमाणूस, मला काय कळतंय? घरात पुरुष तूच. नको असलं तर दोनदा मिट, मी त्यांना दारातून परत पाठवते. मिट, बाळा.” तिने वाट पाहिली. फोतिस कुजबुजला, “मिट की रे. कोण बघतंय?” खरंच कुणी बघत नव्हतं. कप्तान नव्हता, हवालदार लांब होता. आई म्हणाली, “मिट ना. एवढं काय अवघड आहे?” कबुतरं उडाली आणि परत बसली. मग तिने गाठोडं त्याच्या त्या खिळ्यांच्या बुटांपाशी ठेवलं, त्यात चीज घातलेली रोटी होती, आणि ती गेली. तिची पाठ त्याच्या नजरेच्या रेषेतून हळूहळू बाजूला सरकली आणि दिसेनाशी झाली. अकराचे ठोके पडले. बदली आली. त्याने पाय कमरेइतका उचलला, क्षणभर हवेत धरला, आणि खाली आणला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तार करता आली असती. पत्र लिहिता आलं असतं. बहिणीचं लग्न व्हायला तीन आठवडे होते. त्याने लिहिलं नाही. त्या दिवशी फोतिसने बराकीत गोष्ट सांगितली ती अशी: “आई समोर उभी राहून रडली, पण गड्याने पापणी हलवली नाही!” गोष्ट कप्तानाच्या कानावर गेली आणि कप्तानाने लांब्रोसला शाबासकी म्हणून दोन दिवसांची रजा दिली. दोन दिवसांत गावाला जाऊन येता आलं असतं. तो फालिरोला समुद्रावर गेला, पाण्यात पाय सोडून बसला आणि त्याने तळलेले मासे खाल्ले. मासे फार चवदार होते, हे त्याला अजून आठवत होतं.

चालता चालता तो एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला. का नाही मिटलं? शिस्त म्हणून नाही, हे त्याला त्याच दिवशी ठाऊक होतं. नाही म्हटलं असतं तर अंथी घरात राहिली असती, तिची शाळा, तिचं पुढचं सगळं त्याच्या गळ्यात आलं असतं. सेवा संपल्यावर त्याला डोंगरात परत जावं लागलं असतं, आणि त्याला तर ह्या शहरात राहायचं होतं. हो म्हणायची त्याची छाती नव्हती, कारण हो म्हटलं असतं तर ते त्याने म्हटलेलं झालं असतं. आणि ती बाई मागे सरली, तेव्हा त्या काळ्या झग्यातल्या बाईचा आपण कुणी लागत नाही असं त्याला वाटलं होतं, पुरतं मिनिटभर वाटलं होतं. घागरा, बूट, टोपी हे सगळं त्याच्या मदतीला धावून आलं. पोशाख उभा राहिला आणि तो आत लपला. राजा पुढे देश सोडून गेला, लष्करशहा आले आणि गेले; घागरा राहिला, आणि ती गोष्टही राहिली. दर ऑक्टोबरात एका रविवारी जुने पहारेकरी कैसारियानीच्या खानावळीत जेवायला जमत, आणि ती गोष्ट सांगितली जाई, आणि लांब्रोस मान खाली घालून हसे. उद्या तो रविवार होता. तो उठला. आता आपण काय करणार हे त्याला स्पष्ट दिसत होतं, जसं पोहायला न येणाऱ्याला पलीकडचा किनारा दिसतो.

खानावळीत नऊ जण जमले होते. एके काळी चौदा असत. सहा फुटांची नऊ म्हातारी माणसं एका टेबलाशी बसली की गुडघे कुणाचे आणि कुठे हे कळत नाही. पेरिक्लिसचा आवाज नेहमीप्रमाणे सर्वांच्या वर होता. “माझ्या बापाने मला पहिल्यांदा पाहिलं,” तो काटा उगारून सांगत होता, “आणि आईला म्हणाला, पोरगा पाठवला होता, ह्यांनी पोरगी करून ठेवली! आता हिला नवरा शोध!” कुणाला संगमरवरावर खिळे घसरून राजदूतापुढे बसकण मारल्याचं आठवलं. कुणी म्हणालं, “बर्फात उभं राहून बघा म्हणावं त्या घागऱ्यात. वारा कुठून कुठे जायचा ते मला ठाऊक!” “तू बोलू नकोस,” पेरिक्लिस म्हणाला, “तू तर आत लोकरीच्या दोन चड्ड्या घालायचास. फोतिसने तुझा पट्टा आवळताना पकडलं होतं तुला.” फोतिस हसला. त्याचे केस पिकले होते आणि एक कान ऐकत नव्हता. त्याने पेला उचलला. “ते सगळं राहू द्या. पहारेकरी एकच झाला, हा बसलाय तो. ह्याची आई डोंगरातून आली, समोर उभी राहून रडली, आणि ह्याने...”

“ती रडली नाही,” लांब्रोस म्हणाला.

“काय?” फोतिसने बरा कान पुढे केला.

“ती रडली नाही, फोतिस. तिने प्रश्न विचारला. तू तिला सांगितलं होतंस की एकदा मिटलं तर हो, दोनदा मिटलं तर नाही. तिने विचारलं, अंथीला, माझ्या बहिणीला, एका म्हाताऱ्याला देऊ का. नको असलं तर दोनदा मिट, म्हणाली. मी मिटलं नाही. मिटता येत होतं. तू पण म्हणालास, मिट. मी मुद्दाम मिटलं नाही. अंथी माझ्या डोक्यावर नको होती म्हणून.”

पेरिक्लिसने पाव मोडला आणि मोडून तसाच ठेवला. “अरे, सदतीस वर्षं झाली,” तो म्हणाला. “आता काय पापण्या मोजतोस? दे टाळी, जेव.” लांब्रोसने टाळी दिली नाही. बोलताना आपला आवाज स्थिर राहिला ह्याचं त्याला नवल वाटत होतं. वाटलं होतं काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही, मटणावरची चरबी फक्त थिजत गेली. निघताना फोतिस त्याच्याबरोबर दारापर्यंत आला. “मला वाटायचं तू विसरलास,” तो म्हणाला. “म्हणून मी तशी सांगायचो. म्हटलं, ह्याला बरं वाटेल.” “बरं वाटायचं,” लांब्रोस म्हणाला, “तेच तर.” फोतिसने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली, जुनी सवय, आणि विचारलं, “आता तिला सांगणार? बघ बाबा. तिला ठाऊक नसेल तर कशाला?” “उद्या सकाळची मोटार आहे,” लांब्रोस म्हणाला.

मोटारीत चार तास तो खिडकीशी बसून होता. शेजारच्या बाईने संत्र्याची फोड दिली, ती त्याने खाल्ली. फोतिसचं म्हणणं खोटं नव्हतं. आईने अंथीला काय सांगितलं होतं ते त्याला ठाऊक होतं, आईच्याच तोंडून, ती वारली त्या वर्षी: मी पोरीला म्हटलं, बिचाऱ्याला बोलायची मनाई, तो काय करणार. डोळ्यांचं तिने अंथीला कधी सांगितलंच नव्हतं. त्याला हे सांगताना आईने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, हातातला लोकरीचा गुंडा गुंडाळत राहिली होती. अंथी मात्र भावावर कधी रागावली नाही. दर नाताळात मेसोलोंगीहून मेणात बुडवलेली माशाच्या अंड्यांची गाभोळी येई, फडक्यात शिवलेली, वर गोल अक्षरात त्याचं नाव. शिक्षिकेला शोभेल असं अक्षर. ती गाभोळी तो पातळ चकत्या करून वर्षभर पुरवून खाई. अठरा वर्षांची पोर डोंगरातून उचलून सपाट, खाऱ्या, झाड नसलेल्या मुलखात नेऊन ठेवली, आणि ती त्याला खायला पाठवत राहिली. परत फिरावं असं त्याला अर्ध्या वाटेवरच्या थांब्यावर एकदा वाटलं. मोटार तिथे दहा मिनिटं थांबते. तो जागेवरून उठला नाही. ह्या वेळचं न हलणं निराळं आहे असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते निराळं होतंही.

अंथीचं घर खाडीच्या कडेला होतं. दूरवर मिठाचे ढीग दिसत होते. दारात येऊन तिने डोळ्यांवर हात धरला. “लांब्रो? कुणी गेलं का?” “कुणी नाही गेलं.” “मग असा कळवल्याशिवाय? बस, बस. जेवलास? बाम मासा आहे, गरम करते.” ती पंचावन्नची होती, रुंद झाली होती, गुडघे धरून चालत होती. भिंतीवर त्याचा फोटो होता. घागरा, बंडी, टोपी, बूट, सगळं. आठ जणींनी पुसून पुसून घासल्यासारखी त्याची काच चकचकीत होती. तिने एकटीनेच घासली असणार. तो फोटोकडे पाठ करून बसला आणि जेवणाआधीच बोलला. जेवून सांगणं त्याला जमलं नसतं. सगळं सांगितलं: आईने काय विचारलं, दोनदा मिटायचं होतं, मिटता येत होतं, परदेशी बाई मागे सरली, तार केली नाही, दोन दिवसांची रजा, फालिरोचे मासे. मासेसुद्धा सांगितले.

अंथीने चुलीवरचं भांडं उतरवलं. पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसले. ती खिडकीशी गेली. “चार दिवस मी जेवले नव्हते,” ती म्हणाली, “ते आई तुझ्याकडे गेली म्हणून जेवले. म्हटलं, लांब्रो आहे. तो नाही म्हणेल.” मग वळली. “हे आज कशाला आणलंस माझ्या घरात? मला बरं वाटावं म्हणून की तुला?”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “मला बरं वाटत नाहीये. पण तू ज्याला गाभोळी पाठवत होतीस तो मी नव्हतो. ते तुला ठाऊक असायला हवं.”

“माझ्याकडे एक भाऊ होता,” ती म्हणाली. “हात बांधलेला. त्याची कीव करत मी इथे राहिले. म्हटलं, तो तिथे दगड होऊन उभा आहे, मी इथे. दोघंही सारखीच. तो माणूसही नेलास तू.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. तिने फोटो काढला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. “जा म्हणाले तर जाशील?”

“जाईन. उद्या परत येईन.”

“आणि उद्याही जा म्हटलं तर?”

“परवा येईन. मोटार रोज आहे.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच. मग परसात गेली. बादलीचा आवाज आला, कुंड्यांना पाणी घातल्याचा आवाज आला, बराच वेळ. इतक्या कुंड्या नसतील. लांब्रोस उठला नाही. गुडघे दुखत होते, डोळे चरचरत होते. त्याला कळलं की क्षमा मागायला म्हणून आपण आलो नव्हतो, आणि मागितली तर ती त्या फालिरोच्या माशांसारखीच होईल. सदतीस वर्षं आपल्याला काय कळलं नव्हतं, ह्याचा त्याने विचार केला. मुकादमाचं नाव ठाऊक होतं. वय ठाऊक होतं. तो वारला तेव्हा लांब्रोस काळी टाय बांधून आला होता आणि संध्याकाळच्या मोटारीने परत गेला होता. बाकी काही ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती सांगू लागली असती.

अंथी आत आली, हात ओले. समोरच्या खुर्चीवर बसली, टेबलाच्या पलीकडे.

“कसा होता गं तो?” लांब्रोसने विचारलं.

“कोण?”

“हारिलाओस.”

बाहेर मिठाची एक गाडी घरावरून जाऊन लांबवर विरून गेली. “वाईट नव्हता,” ती म्हणाली. “वाईट असता तर पळून तुझ्याकडे आले असते. मारायचा नाही. बोलायचाच नाही. पहिल्या हिवाळ्यात मी चुलीशी बोलायचे. मास्तरांनी दिलेलं भूगोलाचं पुस्तक आणलं होतं बरोबर, ते मोठ्यांदा वाचायचे, आवाज राहावा म्हणून. एक दिवस तो दारात उभा राहून ऐकत होता. त्याला वाचता येत नव्हतं, लांब्रो. मुकादम होता आणि त्याला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, आणि हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं.”

“मग?”

“मग मी त्याला शिकवलं,” अंथी म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून ती सांगू लागली.